खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची? घरगुती कोंबड्या पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

परसात पाच-सात ते वीस-पंचवीस गावठी कोंबड्या असणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. मोठ्या पोल्ट्रीचा विषय यात नाही, तिथे खुडूक हा प्रकारच फारसा नसतो. माझं म्हणणं एकच आहे, कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला ठाण मांडून बसली, की दोन दिवसांत ठरवा, एकतर नीट अंडी देऊन बसवा नाहीतर लगेच उठवा, म्हणजे तिची खुडूक मोडा. रिकाम्या जागेवर तिला आठवडेच्या आठवडे बसू देणं हे सगळ्यात वाईट, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच होतं.

कोंबडी खुडूक झालीये हे नक्की कसं ओळखायचं?

अंडी घालायच्या जागेवरून उठत नाही, रात्रीसुद्धा बाकीच्यांबरोबर वर दांडीवर न जाता तिथेच बसून राहते. हात जवळ नेला की सगळी पिसं फुलवून डबल आकाराची होते, घशातून कुर्रर्र आवाज काढते आणि टोच मारते. एरवी गरीब असलेली कोंबडी पण मारते, मनाला लावून घेऊ नका. खाली उतरली की पंख थोडे सोडून, फुगून, सारखं कुक-कुक-कुक करत फिरते, घाईघाईत चार दाणे टिपते आणि परत जाऊन बसते. पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं गेलेली आणि कातडी गरम लागते, ती पिसं ती स्वतःच काढते म्हणजे अंड्याला थेट अंगाची ऊब मिळते. आणि एक खूण म्हणजे विष्ठा. दिवसातून एकदाच, भलीमोठी आणि भयंकर वासाची. हे बघून बरेच जण घाबरतात पण खुडूक कोंबडीचं ते नॉर्मल आहे.

नुसतं एक दिवस जास्त वेळ बसली म्हणजे खुडूक नाही. सलग दोन रात्री जागेवर राहिली तर समजा झाली.

आजारी तर नाही ना? खात नाही, तुरा पण फिका पडलाय.

खुडूकीत तुरा थोडा फिका आणि आक्रसलेला दिसतो, अंडी बंद झाल्यामुळे तसं होतं. फरक ओळखायचा तो डोळ्यांवरून आणि रागावरून. खुडूक कोंबडीचे डोळे टक्क उघडे असतात आणि हात नेला की ती अंगावर येते. आजारी कोंबडी मान आत ओढून, डोळे मिटून, कोपऱ्यात पंख पाडून बसते आणि उचलली तरी विरोध करत नाही. हिरवी किंवा पांढरी पातळ संडास, तोंडाने श्वास, मान वाकडी होणं यातलं काही दिसलं तर तो खुडूकीचा विषयच नाही, बाकीच्यांपासून वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, मानमोडी (राणीखेत रोग) असेल तर सगळा कळप जातो.

खुडूक होते कशामुळे?

शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्याने अंडी घालणं थांबतं आणि बसायची ओढ लागते. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंड्यांचा एक फेर घालते आणि मग बसते, ही तिची पद्धत. खाली अंडी साठलेली असली, जागा अंधारी आणि आडोशाची असली की हे लवकर होतं, आणि अंडी अंगाला लागत राहिली की ते हार्मोन टिकून राहतं. म्हणून रोजच्या रोज अंडी उचलणाऱ्यांकडे खुडूकीचं प्रमाण कमी असतं. अंड्यासाठी तयार केलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींमधून आणि पोल्ट्रीच्या पांढऱ्या लेअरमधून पिढ्यानपिढ्या निवड करून ही सवय जवळजवळ काढून टाकलीये. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज आणि ग्रामप्रिया किंवा बेंगळुरूची गिरिराज, या परसातल्या म्हणून विकल्या जातात पण त्याही फार क्वचित बसतात. कडकनाथचं पण तसंच, बसण्यात ती कच्ची. म्हणून ज्यांनी सगळा कळप सुधारित जातींचा केलाय त्यांनी दोन-तीन अस्सल गावठी किंवा आसील कोंबड्या मुद्दाम ठेवाव्यात, दुसऱ्यांची अंडी उबवून द्यायला. माझ्या मते चांगली बसणारी कोंबडी ही छोट्या कळपातली सगळ्यात मोलाची कोंबडी आहे, तिच्याकडून वर्षातून अंडी कमी मिळतात म्हणून विकून टाकू नये.

बसवायची की उठवायची, कसं ठरवायचं?

चार गोष्टी बघा. फलित अंडी आहेत का, म्हणजे कळपात कोंबडा आहे का. ऋतू कुठला आहे. कोंबडीचं वजन बरं आहे का, कारण बसण्याच्या काळात ती चांगलीच झडते. आणि आजपासून तीन आठवड्यांनी येणारी पिल्लं सांभाळायला तुम्ही घरी असणार आहात का. चारही हो असेल तर बसवा. एक जरी नाही असेल तर उठवा, अर्धवट काही करू नका.

उन्हाळ्यात बसवली तर चालेल का?

कोकणात फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठीक. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असताना बसवू नका असंच सांगेन. एकतर साठवलेली अंडी आधीच बिघडतात, गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो, दुसरं म्हणजे कोंबडी स्वतः धापा टाकत बसते आणि उठून लांब जाते. भर पावसात पिल्लं निघतात पण ओल्या जमिनीवर ती जगवणं अवघड, रक्ती हगवण लागते. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम, थंडीत आईची ऊब असल्यामुळे बल्बचा खर्च पण नाही.

माझ्याकडे कोंबडा नाही, तरी बसू देऊ का तिला, हौस भागेल?

नाही. कोंबड्याशिवायच्या अंड्यातून काहीच निघणार नाही, ती २१ दिवस बसेल, मग अजून बसेल, काही कोंबड्या महिना-सव्वा महिना बसून हडकून जातात. दुकानातली अंडी आणून ठेवण्यातही अर्थ नाही, ती पण बहुतेक बिनकोंबड्याचीच असतात. शेजारी कोणाकडे कोंबडा असेल तर त्यांच्याकडून अंडी आणा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तब्येतीचा कोंबडा असेल तर बहुतेक अंडी फलित मिळतात.

अंडी कुठली घ्यायची आणि किती?

सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, कवच गुळगुळीत आणि बिनतड्याची. फार मोठं अंडं घेऊ नका, बऱ्याचदा दोन बलकांचं निघतं. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगेची बारकी अंडी पण नकोत. माखलेली अंडी धुऊन ठेवणं ही फार कॉमन चूक, धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात, त्यापेक्षा माखलेलं अंडं सरळ खायला घ्या. साठवताना रुंद टोक वर ठेवा, फ्रिजमध्ये नको, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. गरमी असेल तर मातीच्या पसरट भांड्यात ओली वाळू, तिच्यावर कापड आणि कापडावर अंडी, हा जुना उपाय खरंच काम करतो.

संख्या कोंबडीच्या आकारावर. साधारण गावठीला १० ते १२, हिवाळ्यात दोन कमीच. कसोटी अशी की ती बसल्यावर एकही अंडं बाहेर दिसता कामा नये. लोभाने १८-२० ठेवली की आळीपाळीने सगळीच अंडी कडेला येऊन गार होतात आणि निघतात पाच.

सगळी अंडी एकाच दिवशी ठेवायची आणि प्रत्येकावर पेन्सिलने खूण करायची. हे विसरू नका, पुढच्या प्रश्नात कळेल का.

बाकीच्या कोंबड्या तिच्याखाली येऊन अंडी घालतात, काय करू?

म्हणूनच खूण. रोज ती खायला उठली की बिनखुणेची अंडी काढून घ्या. ती राहिली तर पहिली पिल्लं निघाल्यावर आई उठून जाते आणि मागून घातलेली अर्ध्या वाढीची अंडी मरतात. पण खरं सांगायचं तर तिला वेगळी जागा देणं हाच इलाज आहे, सार्वजनिक जागेवर बसलेल्या कोंबडीची अंडी भांडणात फुटतात पण आणि ती उठून आल्यावर चुकून शेजारच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसते, इकडे तिची अंडी गार.

वेगळी जागा कशी करायची आणि हलवायची कधी?

पसरट बुट्टी, पाटी किंवा खोकं, साधारण दीड फूट रुंद. तळाला थोडी कोरडी माती किंवा राख, त्यावर पेंढा किंवा वाळलं गवत, मधे जरा खोलगट म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. फार खोल पण करू नका, अंडी एकमेकांवर चढतात. जागा अंधारी, वाऱ्याची पण झोताची नाही, आणि घूस, मुंगूस, मांजर, साप यांपासून बंद. घूस रात्रीत अंडी पळवते, आणि खालून बीळ करून येते म्हणून तळाला फरशी किंवा जाळी हवी.

हलवायचं ते रात्रीच. दिवसा हलवली की ती जुन्या जागेकडे धावते. अंधार पडल्यावर शांतपणे दोन्ही हातांनी उचला, नव्या जागी आधी दोन-तीन साधी अंडी ठेवून तिला त्यावर बसवा आणि वर डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची टोपली) टाका. दुसऱ्या दिवशी टिकून बसली, रात्री पण बसली, की मग खरी अंडी खाली सरकवा. काही कोंबड्या हलवल्या की खुडूकच सोडतात, मग ती बसवण्यालायक नव्हतीच असं समजा.

ती उठतच नाही, खायला कसं घालायचं?

बहुतेक कोंबड्या दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठतात, खातात, पाणी पितात, विष्ठा टाकतात, धुळीत लोळतात आणि परत येतात. तेवढ्या वेळात अंडी बिघडत नाहीत, घाबरू नका, पिल्लं चांगली निघायला उलट ते बरं. पण काही वेड्यासारख्या बसूनच राहतात. अशीला रोज ठरलेल्या वेळी हलकेच उचलून बाहेर ठेवा, उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना बघा, नाहीतर वरून पडून फुटतं. खायला मका, ज्वारी, बाजरी असं अख्खं धान्य द्या, त्याने संडास घट्ट राहते आणि पाटी खराब होत नाही. लेअर फीडची (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याची) या काळात गरज नाही, ती अंडी घालत नाहीये. पाणी मात्र कायम जवळ.

खाली उवा-पिसवा झाल्यात, कोंबडी सारखी उठतेय.

हे लवकर पकडा. अर्ध्यावर अंडी सोडून जाणाऱ्या कोंबड्यांमधे या किड्यांचा हात मोठा असतो, बसलेलं गरम शरीर त्यांना आयतं मिळतं आणि वाईट पडलं तर कोंबडीचं रक्त कमी होऊन ती बसल्या जागी मरते. बसवायच्या आधीच पंखाखाली आणि गुदाशी पिसं बाजूला करून बघा. पाटीत चुलीची चाळलेली राख, गवताखाली कडुलिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला, आणि बाहेर राख-मातीचा खड्डा लोळायला. औषध मारायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून आणि बसवायच्या आधी, अंड्यांवर किंवा पिल्लांवर पावडर मारत बसू नका.

अंडी आतून वाढतायत हे कसं बघायचं?

सातव्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावा. लाल शिरांचं जाळं आणि मधे ठिपका दिसला तर चालू आहे. नुसतं पिवळसर, साफ दिसलं तर फलित नव्हतं. लाल गोल कडं दिसलं तर सुरू होऊन मेलं. चौदाव्या दिवशी परत बघा, चांगलं अंडं एका बाजूची हवेची जागा सोडून काळंभोर दिसतं. निकामी अंडी काढून टाका, ती सडून फुटली की बाकीच्यांना घाण लागते आणि वास तर असा की सांगायला नको. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नका, पिल्लू बाहेर यायच्या पोझिशनमध्ये वळत असतं.

वीज कडाडली की अंडी खराब होतात म्हणून पाटीत लोखंड ठेवतात, ठेवू का?

ठेवलंत तर नुकसान काही नाही, पण विजेच्या आवाजाने गर्भ मरत नाही. पावसाळी हवेत अंडी जातात ती ओल, गळकं छप्पर आणि कोंबडी दचकून उठून जाण्याने. खिळा ठेवा, पण पत्रा आधी नीट करा. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते हे पण खरं नाही.

२१ दिवस झाले, एकच पिल्लू निघालं, बाकी अंडी फोडून बघू का?

अजिबात नको. २१ हा सरासरी आकडा, विसाव्या दिवशी पण निघतात आणि बाविसाव्या दिवशी पण. अंड्याला पहिली टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास सहज लागतात, त्या वेळात ते शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक आत ओढून घेत असतं. आपण मायेने कवच सोलायला गेलो की त्या शिरा फुटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. पोटात बलक असल्यामुळे निघालेली पिल्लं दोन दिवस न खाता राहू शकतात, त्यामुळे पहिल्याला भूक लागली असेल म्हणून आईला उठवायची घाई करू नका. तेवीस दिवस पूर्ण झाले की उरलेली अंडी काढा.

पिल्लांना काय खायला घालायचं? आम्ही कणी घालतो.

नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं पोट भरतात पण वाढत नाहीत, प्रोटीन कमी पडतं. पहिले सहा आठवडे चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, जमत नसेल तर भरडलेला मका-ज्वारी, त्यात शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, वर वाळवी मिळाली तर उत्तम, वाळवीवर पिल्लं तुटून पडतात. लेअर फीड पिल्लांना देऊ नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही, आईने मात्र पिल्लांचं खाद्य खाल्लं तरी काही बिघडत नाही. पाणी उथळ ताटलीत आणि त्यात गोटे टाकून, नाहीतर पहिल्याच दिवशी एखादं बुडतं.

आणि लस. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. शंभर-दोनशे डोसची बाटली आणि माझी पिल्लं दहा, असं म्हणून लोक सोडून देतात आणि दोन महिन्यांनी सगळी पिल्लं एका आठवड्यात जातात, हे इतक्या घरांत होतं की वाईट वाटतं. वाडीतल्या चार घरांनी मिळून एक बाटली आणा, बर्फात ठेवून आणा, उघडली की दोन तासांत संपवा. पुढे सहा-आठ आठवड्यांनी देवीची लस आणि मग मानमोडीचा दुसरा डोस इंजेक्शनने, तारखा दवाखान्यातून लिहून घ्या.

आई सहा-आठ आठवडे सांभाळते. पहिले दहा-बारा दिवस तरी डालग्यात किंवा जाळीच्या आत ठेवा, घारीचा भरवसा नाही.

विकतची एक दिवसाची पिल्लं तिच्याखाली लावता येतील का?

येतात, आणि हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग आहे, सरकारी हॅचरीतून आणलेली सुधारित जातीची पिल्लं गावठी आई फुकटात वाढवून देते. कोंबडी निदान दोन आठवडे तरी बसलेली हवी, पिल्लं दोन दिवसांच्या आतली हवीत. रात्री अंधारात एकेक अंडं काढायचं आणि एकेक पिल्लू आत सरकवायचं, लाईट लावायचा नाही. पहाटे तुम्ही तिथे हजर पाहिजे. ती पिल्लांना कुक-कुक करून बोलवतेय, पंखाखाली घेतेय तर जमलं. डोक्यावर टोचतेय तर लगेच काढून घ्या, वाट बघू नका.

बदकाची अंडी?

बसेल, पण बदकाला २८ दिवस लागतात, म्हणजे आठवडाभर जास्त बसावं लागतं तिला, तब्येतीची कोंबडी निवडा. शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाणी शिंपडत जा. निघालेली पिल्लं लगेच खोल पाण्यात सोडू नका, कोंबडी आईकडून त्यांच्या पिसांना तेल मिळत नाही, भिजून गारठतात.

बसवायची नाहीये. खुडूक मोडायची कशी?

पोटाखालची ऊब आणि अंधार, हे दोन तोडायचे. तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या, चार विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून वारा लागेल, आत गवत-पोतं काही नाही, फक्त खाणं आणि भरपूर पाणी. जागा उजेडाची पण सावलीची, आणि बाकीच्या कोंबड्या दिसतील अशी. तीन-चार दिवस, रात्री पण तिथेच. मग सोडून बघा. चरायला गेली तर झालं, धावत जुन्या जागेवर गेली तर अजून दोन दिवस आत. पहिल्या दिवशी पकडली तर लवकर मोडते, पंधरा दिवस बसून मुरलेली असेल तर आठवडा लागतो.

पिंजरा नसेल तर दिवसातून चार वेळा उठवून बाहेर हाकलणं, अंड्याची जागा दुपारनंतर बंद करणं, रात्री उचलून दांडीवर बसवणं. होतं, पण वेळखाऊ.

आमच्याकडे पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात, पाय बांधून ठेवतात. ते चालतं का?

नाकातून पीस आरपार घालणं हा छळ आहे, त्या जखमेत पू होतो, कृपा करून बंद करा. पाय बांधलेली कोंबडी पाण्यापर्यंत पोचत नाही आणि मांजराला आयती सापडते. पाण्यात बुडवण्याने थंडीत न्यूमोनिया होऊ शकतो आणि पिसं वाळली की ती परत जाऊन बसतेच. उन्हाळ्यात दुपारी पोटाखालचा भाग थोडा ओला केला तर हरकत नाही, पण जाळीचा पिंजरा एवढा साधा आणि बिनत्रासाचा उपाय असताना हे कशाला करायचं?

मोडल्यावर अंडी परत कधी सुरू होतील?

लवकर मोडली असेल तर दोन-तीन आठवड्यांत. पिल्लं वाढवली असतील तर ती पिल्लांना टोचून दूर करायला लागली की त्याच्या आसपास, म्हणजे धरून चाला बसल्यापासून जवळजवळ तीन महिने. या काळात तिला शिंपल्याचा चुरा आणि थोडं जास्त खाद्य द्या, ती झिजलेली असते. वर्षातून दोनदा पिल्लं काढून घेतली की तिसऱ्यांदा खुडूक झाली तरी मी मोडतेच, कळपात दुसरी बसणारी असेल तर तिला बसवते.